हसणाऱ्या मांजराचे जनक

मांजर हा माणसाच्या घरात राहणारा, परंतु माणसाला कधीही पुरता न उमगलेला प्राणी आहे. वर्धा जिल्ह्यातील रोहणा या गावी एखाद्या शेतकऱ्याच्या घरात पाहा, अथवा मुंबईतील एखाद्या चाळीच्या जिन्यावर पाहा. मांजराची रीत सर्वत्र सारखीच. कणगीआड दबा धरून ते तासन्‌तास निश्चल बसते. त्याच्या पावलांचा आवाज होत नाही. अंधारात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, आणि आता येथे होते म्हणता म्हणता ते केव्हा नाहीसे झाले हे कोणालाही कळत नाही.

या गूढ स्वभावामुळे कथाकारांना मांजराचे फार पूर्वीपासून आकर्षण वाटत आले आहे. आपल्या पंचतंत्रात तपस्व्याचे सोंग घेणारे एक मांजर आहे. ससा आणि कपिंजल पक्षी आपल्या भांडणाचा निवाडा करून घेण्यासाठी त्याच्याकडे जातात आणि दोघेही त्याच्या भक्ष्यस्थानी पडतात. तमिळनाडूतील महाबलीपुरम येथे एका प्रचंड शिळेवर कोरलेल्या शिल्पात मागील पायांवर उभे राहून तप करणारे मांजर व त्याच्या भोवती जमलेले उंदीर पाहावयास मिळतात. फ्रान्स देशात शार्ल पेरो यांनी १६९७ साली प्रसिद्ध केलेल्या कथांत पायांत बूट घालून आपल्या गरीब धन्याचे भाग्य उजळणारे मांजर आहे, आणि पुढे त्या कथेवर अनेक नाटकेही रचली गेली. परंतु या सर्वांहून विलक्षण असे एक मांजर इंग्लंडमध्ये जन्मास आले. ते हळूहळू अदृश्य होई. आधी शेपटी, मग धड, मग डोके, आणि सर्व मांजर नाहीसे झाल्यावरही त्याचे हसू तेवढे हवेत मागे राही. ज्या पुरुषाच्या कल्पनेतून हे मांजर अवतरले, तो व्यवसायाने कथाकार नव्हता, नटही नव्हता. तो ऑक्सफर्ड येथील विद्यालयात गणित शिकवणारा एक लाजाळू अध्यापक होता.

त्याचे खरे नाव चार्ल्स लटविज डॉज्सन. जग त्याला लुइस कॅरोल या नावाने ओळखते.

डॉज्सन यांचा जन्म २७ जानेवारी १८३२ रोजी इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील डेअर्सबरी या खेड्यात झाला. वडील तेथे धर्मोपदेशक होते. एकूण अकरा भावंडांत चार्ल्स हा तिसरा. परंतु मुलग्यांत सर्वांत वडील. त्यामुळे धाकट्या भावंडांचे मन रमवण्याचे काम ओघानेच त्याच्याकडे आले. १८४३ साली हे कुटुंब यॉर्कशायरमधील क्रॉफ्ट या गावी राहावयास गेले. तेथील प्रशस्त बागेत चार्ल्सने आगगाडीचा खेळ मांडला. घरच्या मंडळींसाठी तो हस्तलिखित मासिके काढी. त्यांतील कविता, गोष्टी आणि चित्रेही बहुधा त्याचीच असत. गावातील सुताराच्या साहाय्याने त्याने कळसूत्री बाहुल्यांचे एक लहानसे रंगमंदिर तयार केले होते. बाहुल्यांच्या दोऱ्या स्वतःच्या हाती धरून तो भावंडांना नाटके करून दाखवी. कथा आणि रंगभूमी या दोन्हींची ओढ त्याला अशी बालपणीच लागली.

शाळेतील दिवस मात्र सुखाचे गेले नाहीत. १८४६ ते १८४९ या काळात तो रग्बी येथील प्रसिद्ध वसतिशाळेत होता. अभ्यासात, विशेषतः गणितात, त्याची गणना हुशार विद्यार्थ्यांत होई. पण दांडगट मुलांच्या त्रासाने तो गांजून गेला होता. त्याला एका कानाने नीट ऐकू येत नसे. शिवाय बोलताना त्याची जीभ अडखळे. हे व्यंग त्याला आयुष्यभर पुरले. चारचौघांत बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे तो संकोचाने अर्धा होई.

जानेवारी १८५१ मध्ये तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च या विद्यालयात दाखल झाला. तेथे पोहोचून दोन दिवसही लोटले नाहीत तोच आईच्या मृत्यूची वार्ता आली. एकोणीस वर्षांच्या त्या तरुणाने हे दुःख मनात साठवले आणि अध्ययनात स्वतःला गाडून घेतले. १८५४ साली तो गणितात प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला. पुढील वर्षी त्याच विद्यालयात त्याची गणिताचा अध्यापक म्हणून नेमणूक झाली. हे काम त्यांनी १८८१ पर्यंत केले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत त्यांचे वास्तव्य त्याच विद्यालयाच्या इमारतीत राहिले. १८६१ साली त्यांनी धर्मसेवेची पहिली दीक्षा घेतली. परंतु पूर्ण धर्मोपदेशक ते कधीही झाले नाहीत.

डॉज्सन यांच्या स्वभावात काटेकोरपणा पराकाष्ठेचा होता. आपल्याला आलेल्या व आपण लिहिलेल्या प्रत्येक पत्राची ते क्रमांक घालून नोंद ठेवीत. त्यांच्या निधनापर्यंत या नोंदींची संख्या ९८,००० च्या वर गेली होती. अशा या शिस्तप्रिय अध्यापकाच्या मनात एक खट्याळ मूल दडलेले होते, आणि त्या मुलाला बाहेर येण्यासाठी त्यांनी एक निराळे नाव शोधून काढले. आपल्या ‘चार्ल्स लटविज’ या नावाचे त्यांनी लॅटिन भाषेत रूपांतर केले, त्यातील शब्दांचा क्रम उलटा केला आणि त्यांना पुन्हा इंग्रजी वळण दिले. अशा रीतीने १८५६ साली ‘लुइस कॅरोल’ हे टोपणनाव जन्मास आले. जणू गणितातील एखादे समीकरणच त्यांनी सोडवले.

या दोन नावांत ते कधीही गल्लत होऊ देत नसत. गणितावरील ग्रंथ डॉज्सन यांच्या नावे निघत. गोष्टी व विनोदी कविता कॅरोल यांच्या नावे. उत्तरायुष्यात तर लुइस कॅरोल या नावाने विद्यालयाच्या पत्त्यावर अपरिचितांची पत्रे आली, तर ती न फोडताच परत जात असत. व्हिक्टोरिया राणीला ॲलिसची गोष्ट फार आवडली, तिने या लेखकाचे पुढील पुस्तक मागवले आणि तिच्या हाती गणिताचा एक क्लिष्ट ग्रंथ पडला, अशी एक गमतीची कथा पुढे सर्वत्र पसरली. स्वतः डॉज्सन यांनी ती खोटी असल्याचे छापून कळवले. तरीही लोक ती सांगतच राहिले. कारण एकाच अंगरख्यात वावरणाऱ्या या दोन माणसांचे सर्वांनाच नवल वाटे.

क्राइस्ट चर्चचे प्रमुख हेन्री लिडेल हे ग्रीक भाषेचे गाढे पंडित होते. त्यांच्या लॉरिना, ॲलिस आणि ईडिथ या मुलींशी डॉज्सन यांची मैत्री जमली. मोठ्यांच्या सभेत मूक होणारा हा गृहस्थ मुलांच्या मेळाव्यात संकोच विसरून जाई. ४ जुलै १८६२ रोजी डॉज्सन, त्यांचे मित्र रॉबिन्सन डकवर्थ आणि या तिघी बहिणी नावेत बसून टेम्स नदीतून गॉडस्टो या खेड्याकडे निघाल्या. वाटेत मुलींनी गोष्टीचा हट्ट धरला. वल्ही मारता मारता डॉज्सन यांनी एका मुलीला सशाच्या पाठोपाठ बिळात उतरवले आणि पुढे काय होणार हे स्वतःलाही ठाऊक नसताना गोष्ट रचत नेली. त्या मुलीला त्यांनी ॲलिस हेच नाव दिले. दहा वर्षांची खरी ॲलिस त्या गोष्टीने इतकी भारावून गेली, की ती लिहून देण्याचा तिने आग्रह धरला. नोव्हेंबर १८६४ मध्ये डॉज्सन यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरांत लिहिलेली आणि स्वतः काढलेल्या ३७ चित्रांनी सजवलेली वही तिच्या हाती ठेवली.

आश्चर्याची गोष्ट अशी, की त्या पहिल्या वहीत हसणारे मांजर नव्हतेच! तीत डायना नावाच्या मांजरीचा उल्लेख होता. ती लिडेल यांच्या घरची खरीखुरी मांजरी. ही पाळलेली मांजरी उंदीर पकडण्यात पटाईत होती. गूढ मांजर आले ते नंतर. जॉर्ज मॅक्डोनल्ड या लेखक मित्राच्या घरी ती वही वाचली गेली, मुलांना ती अतिशय आवडली आणि ती छापण्याचा आग्रह होऊ लागला. तेव्हा डॉज्सन यांनी कथेचा विस्तार जवळजवळ दुप्पट केला. या विस्तारातच चेशायर परगण्याच्या नावाने ओळखले जाणारे ते मांजर दाखल झाले. चेशायरच्या मांजरासारखे दात विचकून हसणे अशा अर्थाची एक म्हण इंग्रजीत पूर्वीपासून रूढ होती. ती कशी पडली याविषयी विद्वानांत एकमत नाही. डॉज्सन यांनी मात्र आपल्या जन्मभूमीच्या त्या म्हणीतील मांजराला जिवंत केले.

या मांजराची ॲलिसशी पहिली भेट एका सरदारिणीच्या स्वयंपाकघरात होते. तेथे मिऱ्यांची पूड इतकी उधळलेली असते, की सारेजण शिंकत असतात. शिंकत नाही ते चुलीजवळ हसत बसलेले मांजर. पुढे ते ॲलिसला झाडाच्या फांदीवर दिसते. कोणत्या वाटेने जावे असे ती त्याला विचारते. ते तिला उलट समजावते, की कोठे जावयाचे हे तुझे तुलाच ठाऊक नसेल, तर कोणतीही वाट सारखीच. मग ते एकाएकी गुप्त होते, पुन्हा प्रकट होते, आणि अशा धावपळीने ॲलिसला घेरी येते म्हटल्यावर शेपटीपासून सुरुवात करून सावकाश विरघळत जाते. हसू शेवटी उरते. हसू नसलेले मांजर ॲलिसने पुष्कळदा पाहिलेले असते. पण मांजर नसलेले हसू ती प्रथमच पाहते.

ही कल्पना गणितज्ञालाच सुचावी अशी आहे. पाच बैल, पाच आंबे, कापसाने भरलेल्या पाच बंड्या यांतून बैल, आंबे आणि बंड्या काढून टाकल्या म्हणजे काय उरते? ‘पाच’ ही संख्या उरते. ती हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. तथापि साऱ्या गणिताचा डोलारा तिच्यावर उभा आहे. वस्तू बाजूला सारून तिचा गुण तेवढा वेगळा पाहणे, ही गणितज्ञाची नित्याची सवय. आपल्याकडील नैयायिकांनीही याच प्रश्नाचा खल केला होता. गुण हा द्रव्याच्याच आश्रयाने राहतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. डॉज्सन यांनी तो आश्रय क्षणभर काढून घेतला आणि एका गंभीर प्रश्नातून मुलांसाठी गंमत निर्माण केली.

पुढच्या प्रसंगात तर ही गंमत न्यायसभेपर्यंत पोहोचते. राणीच्या क्रीडांगणावर मांजराचे नुसते डोके आकाशात प्रकट होते. राजाला ते आवडत नाही आणि राणी त्याचा शिरच्छेद करण्याची आज्ञा देते. तेव्हा मारेकरी अडून बसतो. धडच नाही, तर डोके कशापासून तोडावयाचे, हा त्याचा मुद्दा. ज्याला डोके आहे त्याचे ते तोडता येते, हे राजाचे म्हणणे. आज्ञा त्वरित पाळली नाही तर सर्वांचाच शिरच्छेद होईल, हा राणीचा निर्णय. वाद चालू असतानाच मांजराचे डोके विरू लागते आणि साऱ्यांची फजिती होते. ज्या राज्यात सर्वजण राणीच्या क्रोधाला भितात, तेथे हे एकटे मांजर निर्भय असते. विचार न करता दिलेल्या आज्ञेचा पोकळपणा त्याने एकही शब्द न बोलता उघडा पाडलेला असतो.

पुस्तकाची चित्रे सुप्रसिद्ध व्यंग्यचित्रकार जॉन टेनिअल यांनी काढली. झाडाच्या फांदीवर बसून हसणाऱ्या मांजराचे आज जगभर परिचित असलेले रूप त्यांचेच. १८६५ च्या उन्हाळ्यात पुस्तकाच्या २,००० प्रती छापून झाल्या. परंतु चित्रांची छपाई टेनिअल यांच्या मनास आली नाही. पुस्तकाचा खर्च डॉज्सन स्वतः सोशीत होते. अध्यापकाच्या मिळकतीत हा भार लहान नव्हता. तरीही त्यांनी ती आवृत्ती मागे घेतली आणि सर्व पुस्तक पुन्हा छापवून घेतले. लहान मुलांच्या हाती सदोष वस्तू जाऊ नये, हा त्यांचा कटाक्ष होता. त्या मागे घेतलेल्या आवृत्तीच्या थोड्याच प्रती आज शिल्लक आहेत आणि संग्राहक त्या जिवापाड जपतात.

पुस्तक लोकप्रिय झाले. १८७१ च्या अखेरीस त्याचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला. त्यात ॲलिस आरशातून पलीकडच्या उलट्या जगात जाते. या कथेच्या आरंभी आणि शेवटी डायनाची दोन पिल्ले आहेत, एक काळे व एक पांढरे. बुद्धिबळाच्या पटावरील तांबड्या राणीला ॲलिस धरून हलवते, तो तिच्या हातात काळे पिल्लूच असते! घरातले साधे मांजर कोठे संपते आणि स्वप्नातले गूढ मांजर कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण जावे, असा हा शेवट आहे.

बालपणी कळसूत्री बाहुल्या नाचवणाऱ्या डॉज्सन यांचे नाट्यप्रेम प्रौढपणीही ओसरले नाही. त्या काळी अनेक धर्माधिकारी नाटकगृहात जाणे कमीपणाचे मानीत. डॉज्सन मात्र लंडनला जाऊन आवडीने नाटके पाहत. एलेन टेरी या विख्यात अभिनेत्रीशी त्यांचा दीर्घ काळ स्नेह होता. निर्मळ नाटकाने मन शुद्ध होते, असा त्यांचा विश्वास होता. हेन्री सॅव्हिल क्लार्क यांनी ॲलिसच्या कथेचे संगीत नाटक करण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी ती आनंदाने दिली. परंतु नाटकात कोठेही हीन अभिरुचीचा स्पर्श होऊ नये, अशी अट घातली. वॉल्टर स्लॉटर यांनी त्याला संगीत दिले. २३ डिसेंबर १८८६ रोजी लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. फीबी कार्लो या बालिकेने ॲलिसची भूमिका केली. कागदावरचे मांजर आता पावलांनी रंगमंचावर आले.

तेव्हापासून त्याने रंगभूमी सोडलेली नाही. अदृश्य होणारे मांजर प्रेक्षकांना दाखवावयाचे कसे, हे कोडे प्रत्येक पिढीच्या नाटककारांनी आपापल्या परीने सोडवले. कोणी मुखवटा वापरला, कोणी पडदा, कोणी दिव्यांचा प्रकाश. १९०३ साली सेसिल हेपवर्थ यांनी ॲलिसवर पहिला मूकपट काढला, तेव्हा त्यांच्या घरच्या मांजराकडूनच हे काम करून घेण्यात आले. १९५१ साली वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने काढलेल्या व्यंगचित्रपटात हे मांजर पुन्हा हसले. टी. एस. एलियट या कवीने १९३९ साली मुलांसाठी मांजरांवरील कवितांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पोलिसांना सतत हुलकावणी देणारे एक रहस्यमय मांजर आहे. १९८१ साली त्या कवितांवरून लंडनमध्ये रचलेले संगीत नाटक जगभर गाजले. मराठीतही दे. ना. टिळक यांनी ‘जाईची नवलकहाणी’ या नावाने ॲलिसची कथा आणली आणि परक्या मुलखातील ती मुलगी आपल्या घरातली जाई झाली.

कीर्ती आणि द्रव्य मिळाल्यावरही डॉज्सन यांची राहणी पालटली नाही. १८८६ च्या सुमारास त्यांनी आपल्या मूळ वहीची हुबेहूब प्रत छापून प्रसिद्ध केली आणि तिचा नफा आजारी मुलांच्या रुग्णालयांना व विश्रामगृहांना देण्याचे ठरवले. शब्दांची कोडी रचावी, तर्कशास्त्र खेळाच्या रूपाने शिकवावे, बालमित्रांना गमतीची पत्रे लिहावी, यांत त्यांचे उत्तरायुष्य गेले. १८९७ च्या नाताळात ते गिल्फर्ड येथे बहिणींच्या घरी गेले होते. तेथे ते आजारी पडले आणि फुप्फुसदाह होऊन १४ जानेवारी १८९८ रोजी त्यांचे निधन झाले. सहासष्टावा वाढदिवस अवघ्या तेरा दिवसांवर आला होता. लोकांनी वर्गणी जमवून लंडनमधील मुलांच्या रुग्णालयात त्यांच्या स्मरणार्थ एका खाटेची सोय केली. मुलांच्या या स्नेह्याचे याहून उचित स्मारक दुसरे कोणते असू शकले असते?

ॲलिसला दिलेल्या त्या वहीचे पुढे काय झाले, हेही जाणून घेण्यासारखे आहे. वृद्धपणी पैशाची गरज पडल्यामुळे १९२८ साली ॲलिसने ती लिलावात विकली. तिला १५,४०० पौंड आले आणि वही अमेरिकेत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, काही अमेरिकन नागरिकांनी ती विकत घेऊन ब्रिटिश जनतेला भेट म्हणून परत दिली. इंग्लंडने हिटलरशी निकराने दिलेल्या झुंजीबद्दलची ती कृतज्ञता होती. एका दुपारी तीन मुलींना रिझवण्यासाठी सांगितलेली गोष्ट दोन राष्ट्रांमधील स्नेहाची खूण ठरली.

डॉज्सन यांना बोलताना शब्द सापडत नसे, सभेत उभे राहण्याचे धैर्य होत नसे. परंतु आपल्या उणिवेचे रडगाणे त्यांनी कधी गायिले नाही. त्यांनी लेखणी उचलली आणि बुद्धीची शिस्त व कल्पनेची भरारी या एकमेकींच्या वैरिणी नसून सख्ख्या बहिणी आहेत, हे दाखवून दिले. त्यांच्या गणिताच्या ग्रंथांपैकी बहुतेक आज केवळ अभ्यासकांच्या कपाटात आहेत. ऑक्सफर्डमधील तो अबोल अध्यापकही काळाच्या उदरात गडप झाला. परंतु त्याने फांदीवर बसवलेले हसू जगातील मुलांच्या ओठांवर अद्याप टिकून आहे.